हात पाठीमागे बांधून शेजारी उभ्या राहणाऱ्या मार्गदर्शकांना

सप्रेम नमस्कार,

मेडिकल असिस्टंटच्या विद्यार्थ्यांना तुम्ही खऱ्या दवाखान्यात, खऱ्या पेशंटसमोर काम करू देता. तुमच्यात वरिष्ठ मेडिकल असिस्टंट आहेत, नर्स आहेत, लॅबमधले तंत्रज्ञ आहेत. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. नुसतं ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ म्हणून ते संपवायचं नाही, कारण तुम्ही नेमकं काय करता ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. जे काम तुम्ही स्वतः दोन मिनिटांत उरकलं असतं, ते दुसऱ्याला सहा मिनिटांत करू देता. हात पाठीमागे बांधून, पण डोळे सुईवर ठेवून. आभार आहेत ते या संयमाचे.

वर्गातल्या प्लास्टिकच्या हाताची शीर रोज त्याच जागी सापडते. ती सरकत नाही, बसत नाही, आणि त्या हाताला भोवळही येत नाही. त्यामुळे रक्त काढण्यातला खरा अभ्यास तुमच्याकडेच सुरू होतो. टोचण्याच्या जागेच्या थोडं खाली अंगठ्याने कातडी ताणून धरली नाही, तर शीर सुईपुढून निसटते. हे पुस्तकात वाचता येतं, पण बोटांना कळतं ते पहिल्यांदा शीर निसटते तेव्हाच. सुई आत गेली, नळी लावली आणि रक्त आलंच नाही, अशा वेळी नवखा माणूस सुई इकडेतिकडे फिरवू लागतो. तिथे तुम्ही हळूच थांबवता आणि कारण शोधायला लावता. नळी होल्डरमध्ये दाबताना सुई पुढे सरकून शिरेच्या पलीकडे गेली असेल, तर ती किंचित मागे घ्यायची. पुरेशी आत गेलीच नसेल, तर किंचित पुढे. नळीच्या ओढीने नाजूक शीर बसली असेल, तर लहान नळी लावायची. आणि जागा फुगायला लागली, तर काहीही शोधत बसायचं नाही: टूर्निकेट (शीर फुगावी म्हणून दंडाला बांधलेला पट्टा) सोडायचा, सुई बाहेर, बोळा दाबून धरायचा. पेशंटने हातात वीज गेल्यासारखी कळ सांगितली तरी तसंच, लगेच बाहेर. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा विद्यार्थ्याचा नाही, हा नियम तुम्ही कोणाचा चेहरा न पाडता पाळता, हे विशेष.

टूर्निकेटबद्दल वेगळं लिहायलाच हवं. तो जागेच्या ७ ते १० सेंटिमीटर वर बांधायचा आणि एक मिनिटाच्या आत सोडायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पाठ असणं आणि घड्याळाकडे लक्ष असणं या दोन गोष्टी आहेत. शीर चाचपण्यात, कापूस शोधण्यात, नळ्या मांडण्यात ते मिनिट कधी संपतं कळत नाही. मग अडलेल्या रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, प्रथिनं आणि पेशी दाट होतात आणि रिपोर्ट पेशंटचा न राहता टूर्निकेटचा होतो. त्यात पेशंटला मूठ उघडमीट करायला लावली की पोटॅशियमही खोटं वाढतं. म्हणून तुम्ही आधी शीर शोधायला लावता, मग टूर्निकेट सोडायला लावता, सामान मांडून घेता आणि तो पुन्हा बांधायला सांगता. हा क्रम सावकाश वाटतो, पण नमुना वाचतो. अल्कोहोल लावल्यावर ते आपोआप वाळू द्यायचं, फुंकर घालायची नाही, यासाठीही तुम्ही थांबून राहता. ओल्या अल्कोहोलमुळे टोचताना चुरचुरतं आणि रक्तपेशी फुटण्याचा धोकाही वाढतो.

टोपणाच्या रंगावरून ओळखायच्या नळ्यांच्या क्रमाचंही तसंच. आधी कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्यासाठीची), मग फिकट निळी, मग सिरमची (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाची) लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. रंगांची ही ओळ घोकून घेणं सोपं आहे. तुम्ही मात्र कारण विचारता. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमध्ये, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात, पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्याचा अंश पुढच्या सिरमच्या नळीत गेला, तर पोटॅशियम जास्त आणि कॅल्शियम कमी दिसतं, आणि डॉक्टर नसलेल्या आजारामागे धावतात. निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिथे रक्त आणि सायट्रेटचं (हेही रक्त गोठू न देणारं रसायन) प्रमाण ९ ला १ ठरलेलं असतं. नळी कमी भरली, तर रक्त गोठायला खोटाच उशीर दिसतो. बटरफ्लाय सुईने (पंखांसारखी पकड आणि लांब ट्यूब असलेल्या) रक्त घेताना निळी नळी पहिली असेल, तर आधी एक टाकाऊ निळी नळी लावून लांब ट्यूबमधली हवा काढून घ्यायची. ही गोष्ट बहुतेक विद्यार्थी तुमच्याकडूनच शिकून येतात. नळ्या उलट्यासुलट्या करायच्या त्या हलक्या हाताने: निळी ३-४ वेळा, जांभळी ८ ते १०. खुळखुळ्यासारखी हलवली की पेशी फुटतात आणि पेशंटला पुन्हा टोचावं लागतं.

लेबल पेशंटसमोरच, रक्त घेतल्यानंतर आणि तिथून हलण्याआधी. आधीच लेबल लावलेली रिकामी नळी भलत्याच्या रक्ताने भरली जाऊ शकते, हे तुम्ही प्रत्येक तुकडीला नव्याने सांगता. आणि ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारू देत नाही. घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची.

रक्तदाब सगळ्यांना सोपा वाटतो, म्हणून तिथेच सर्वाधिक चुका होतात. इथे तुमची नजर पट्ट्यावर जाण्याआधी पेशंटच्या पायांवर जाते. पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक नाहीत, पाठीला आधार, दंड हृदयाच्या पातळीला, पाच मिनिटं शांत बसणं, मापताना बोलणं नाही. कफ, म्हणजे तो फुगवायचा पट्टा, कपड्यावरून गुंडाळायचा नाही. आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के हवी. जाड दंडाला छोटा कफ बांधला की आकडा खोटा वाढतो, आणि त्या एका आकड्यावर कोणाला विनाकारण गोळी सुरू होऊ शकते. मनगटाची नाडी बोटाखाली ठेवून कफ फुगवायचा, ती कुठे नाहीशी होते ते पाहायचं, आणि प्रत्यक्ष मापताना त्याच्या ३० मिमी वर न्यायचा. हे टाळलं तर काही पेशंटमध्ये, नाडीचे आवाज मध्येच काही वेळ बंद पडतात त्या टप्प्यात, कफ कमी फुगवला जातो आणि वरचा दाब खऱ्यापेक्षा कमी नोंदला जातो. हवा सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने सोडायची. घाईने सोडली की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त नोंदला जातो. विद्यार्थ्याने आकडा सांगितल्यावर तुम्ही स्वतः पुन्हा मापता आणि फरक पडला तर दोघे मिळून कारण शोधता. आकड्यांचा शेवट नेहमी शून्याने करण्याची सवय अशीच मोडते.

दंडात इंजेक्शन देताना खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली मोजायला लावता, कारण जास्त वर टोचलं तर खांद्याच्या सांध्याला इजा होते. वापरलेल्या सुईला टोपण लावायला हात गेला की तुमचा हात मध्ये येतो. हीच एक वेळ आहे जेव्हा तुम्ही हात पाठीमागे ठेवत नाही, आणि तेच बरोबर आहे. सुयांचा डबा पाऊण भरला की बदलायचा, त्यात वरून काही दाबायचं नाही. तरीही सुई लागलीच तर साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, त्यामुळे लपवण्यात गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. विद्यार्थी न घाबरता येऊन सांगतात, ते तुम्ही पहिल्याच दिवशी ‘सुई लागली तर रागावणार नाही, लपवलं तर रागावेन’ असं बजावता म्हणून.

ईसीजीबद्दल एवढंच: छातीवर चिकटवायचे पहिले दोन इलेक्ट्रोड, व्ही-१ आणि व्ही-२, चौथ्या बरगडी-फटीत लावायचे. त्यासाठी छातीच्या हाडावरचा उंचवटा चाचपून दुसरी फट शोधायची आणि तिथून खाली मोजत यायचं. अंदाजाने लावले की ते वर सरकतात. लीड-१ (दोन्ही हातांमधून घेतलेला आलेख) सगळी उलटी दिसली तर आधी हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या का ते पाहायचं.

हातांच्या कौशल्यांइतकंच मोलाचं आहे ते काय बोलायचं नाही हे शिकवणं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना?’ असं पेशंट विचारतो. विद्यार्थ्याला उत्तर माहीत असतं, आणि मदत करण्याची ओढही असते. ‘डॉक्टर तुमच्याशी याबद्दल बोलतील, मी आत्ताच त्यांना सांगतो’ एवढंच म्हणायचं. फोनवर कोणी छातीत दुखतंय म्हणालं तर त्याला होल्डवर ठेवायचं नाही आणि आपण अंदाजही बांधायचा नाही, तुमच्या ठरलेल्या पद्धतीने लगेच वर कळवायचं. आपल्या कामाची हद्द कुठे संपते हे वर्गात फळ्यावर लिहिता येतं. ती पाळायची सवय मात्र तुमच्या शेजारी उभं राहूनच लागते.

आणखी दोन गोष्टींचे आभार. प्रत्येक वेळी तुम्ही पेशंटला आधी विचारता: ‘हे विद्यार्थी आहेत, माझ्या देखरेखीखाली करतील, चालेल का?’ आणि कोणी नाही म्हणालं तर चर्चा न करता स्वतः पुढे होता. दुसरी गोष्ट म्हणजे माणसं कमी असलेल्या दिवशीही विद्यार्थ्याला रिकाम्या जागेवर उभं केलं नाही. शिकाऊ माणूस मोफतचा कर्मचारी नाही, हे तुम्ही सांगून नव्हे तर वागून दाखवलंत.

तपासणी-यादीवर नुसती सही न करता तुम्ही लिहिलेले शेरे वाचून वर्गातला सरावही बदलला आहे. टूर्निकेट बांधला की आता घड्याळ सुरू होतं, कफ निवडण्याआधी टेपने दंडाचा घेर मोजावा लागतो, आणि नळ्या ट्रेमध्ये मुद्दाम विस्कटून दिल्या जातात. यादीत प्रत्येक कौशल्यापुढे शेऱ्यासाठी दोन ओळी वाढवल्या आहेत. पुढची तुकडी येईल तेव्हा त्या भरून पाठवाव्यात, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
मेडिकल असिस्टंट अभ्यासक्रमाचे शिक्षक