तळहातावरची थरथर : डॉ. रिचर्ड एहमन यांना अनावृत पत्र

माननीय डॉ. रिचर्ड एहमन यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, म्हणजे ते आपल्या वाचनात येण्याची शक्यता जवळजवळ नाही. तरीही माणूस ज्या भाषेत घाबरतो त्याच भाषेत त्याने आभार मानावेत, असे मला वाटते. गेल्या वर्षी रात्र-रात्र जागून मी जे हिशेब मांडत होतो, म्हणजे मुलीच्या शिक्षणाचे, घराच्या हप्त्यांचे आणि सांगलीला आईला काय व किती सांगायचे याचे, ते सगळे मराठीतच चालले होते.

आपली माझी भेट झालेली नाही. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. आपले रुग्णालय, मेयो क्लिनिक, शेजारच्या मिनेसोटात, रॉचेस्टरला. मला तिथे कधी यावे लागले नाही, कारण आपण शोधलेली, यकृताचा घट्टपणा सुई न टोचता मोजणारी तपासणीच माझ्या शहरातल्या एका साध्या केंद्रापर्यंत येऊन पोहोचली होती.

त्याआधीचे सात महिने मी एका रुग्णालयाच्या फेऱ्या मारत होतो. त्याचे नाव लिहीत नाही. रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले आले, सोनोग्राफीत यकृत 'खरखरीत' दिसले, आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो रोज किती पिता, असा. मी माळकरी घरात वाढलो. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा एकादशीला चालत नसे. दारूचा थेंब मी आयुष्यात घेतलेला नाही. हे मी सांगितले तेव्हा ते हसले आणि कागदावर काहीतरी लिहिले. पुढच्या भेटीत तोच प्रश्न, जरा हळू आवाजात, माझ्या पत्नीला विचारला गेला. सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, असावा, बायोप्सीशिवाय सांगता येणार नाही आणि रुग्ण खरे बोलत नसेल तर आम्ही तरी काय करणार, असा एकूण सूर होता. सुई टोचून यकृताचा जो तुकडा काढतात तो साऱ्या यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग असतो आणि दुसऱ्या जागी टोचले तर निराळे उत्तर येऊ शकते, ही गोष्ट मला तिथे कोणी सांगितली नाही. ती मी पुढे स्वतः वाचून समजून घेतली. सुईच्या भीतीपेक्षा मला तो हसण्याचा क्षण अधिक लागला आहे, आणि हे लिहितानाही त्याचा राग गेलेला नाही, याबद्दल क्षमस्व.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी मला मॅग्नेटिक रेझोनन्स इलॅस्टोग्राफीसाठी, म्हणजे एमआरआयच्या यंत्रात होणाऱ्या आपल्या त्या तपासणीसाठी, पाठवले. तिथे जे घडले ते सांगण्यासाठीच खरे तर हे पत्र आहे.

एमआरआयच्या खोलीत एक तरुण तंत्रज्ञ मुलगी होती. तिच्या हातात पुरणपोळीएवढी, प्लॅस्टिकची एक चपटी चकती होती आणि तिला जोडलेली लांब नळी भिंतीतून पलीकडे गेली होती. त्या चकतीला ते लोक ड्रम म्हणतात. ती चकती उजव्या बरगड्यांवर पट्ट्याने बांधायची आणि पलीकडच्या खोलीतल्या यंत्राने नळीतून हवेचे हेलकावे पाठवायचे, एवढेच करायचे होते. माझा चेहरा पाहून तिच्या काही लक्षात आले असावे. तिने पट्टा बाजूला ठेवला, मला हात पुढे करायला सांगितले, चकती माझ्या तळहातावर ठेवली आणि सहकाऱ्याला यंत्र सुरू करण्याची खूण केली. तळहातावर एक मऊ, भरीव थरथर सुरू झाली. 'याहून जास्त काही होणार नाही,' ती म्हणाली, आणि माझा हात आपणहून स्थिर होईपर्यंत तशीच उभी राहिली. घाई असूनही उभी राहिली, कारण बाहेर आणखी दोघे थांबले होते.

माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावून झाली की ते माझा हात चामड्यावर ठेवत आणि दुसऱ्या बाजूने हलकी थाप देत. ती थरथर मला पन्नास वर्षांनी परक्या देशातल्या थंड खोलीत पुन्हा भेटली. सात महिन्यांत माझ्या शरीराविषयी पुष्कळ बोलले गेले होते. शरीराला काय होणार आहे ते आधी मला हातात घेऊन पाहू देणारी ही पहिलीच व्यक्ती.

त्यानंतरचे फारसे सांगण्यासारखे नाही. श्वास सोडा, थांबा. पुन्हा श्वास सोडा, थांबा. काही मिनिटांत सगळे आटोपले.

घरी आल्यावर मात्र मी आपल्याविषयी जे मिळेल ते वाचले. मी हिशेबनीस माणूस. पदार्थविज्ञान शाळेत सोडले ते सोडलेच. तरी जे कळले ते असे. डॉक्टर पोट दाबून पाहतात ती पद्धत शतकानुशतकांची. आजार झालेला भाग पुष्कळदा बोटांना कठीण लागतो, एवढ्याच अनुभवावर ती उभी आहे. स्कॅनमध्ये न दिसलेली गाठ पोट उघडल्यावर शल्यचिकित्सकाच्या बोटांना लागते, असेही घडत आले आहे. तो स्पर्श यंत्राला शिकवावा, हा आपला विचार. 1995 साली 'सायन्स' नियतकालिकात आपल्या गटाचा निबंध आला. पेशीजालातून जाणाऱ्या लाटेचे थेट चित्र एमआरआयवर घेता येते आणि 200 नॅनोमीटर इतकी सूक्ष्म हालचालही त्यात टिपता येते, हे त्यात दाखवले होते. सेकंदाला 60 कंपने पाठवली तर मऊ यकृतात लाटा एकमेकींच्या जवळ उमटतात, घट्ट यकृतात त्या वेगाने धावतात आणि लांब होतात. घट्टपणा किलोपास्कलमध्ये मोजतात; दोन किलोपास्कलच्या यकृतात एका लाटेची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, सहा किलोपास्कलच्या यकृतात चारच्या थोडी पुढे. म्हणजे बोटांनी चाचपायच्या ऐवजी लाटा मोजायच्या. पखवाजाचे पान जितके ताणलेले तितकी त्यातली लाट वेगवान. हे वडिलांना निबंध न वाचता ठाऊक होते, पण त्यावरून कोणाचे यकृत तपासता येईल हे त्यांच्या किंवा माझ्या डोक्यात येणे शक्य नव्हते.

त्या निबंधावर पहिले नाव राजा मुथुपिल्लई यांचे आहे आणि आपले सर्वांत शेवटी. प्रयोगशाळांत ज्येष्ठाचे नाव शेवटी घालण्याची रीत असते, असे माझ्या मुलीने मला सांगितले. मी ज्या कचेऱ्यांत आयुष्य काढले तिथे साहेबांचे नाव कुठे असते, ते न सांगितलेले बरे.

पण मला सर्वांत थांबवणारी गोष्ट त्याहून आधीची आहे. 1989 साली आपण आणि आपले सहकारी जोएल फेल्मली यांनी, रुग्ण हलल्यामुळे बिघडणारी एमआरआयची चित्रे सुधारण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. तेव्हा श्वासाने होणारी हालचाल म्हणजे चित्राचा शत्रू होता आणि आपण तो हटवण्याच्या मागे होता. पुढे थोड्याच वर्षांत आपणच रुग्णाच्या शरीरात मुद्दाम हालचाल घडवलीत आणि तिच्याकडूनच उत्तर काढून घेतलेत. ज्याला दोष मानून पुसत होतो त्याच्यातच काही सांगण्यासारखे आहे, असे वाटायला मनाचा निराळाच मोकळेपणा लागतो. माझ्या 'नाही' या उत्तराकडे त्या रुग्णालयात कोणी तेवढ्या मोकळेपणाने पाहिले असते, तर सात महिने वाचले असते.

निबंधापासून ही तपासणी अमेरिकेत रुग्णांसाठी अधिकृतपणे मान्य होईपर्यंत 2009 साल उजाडले. चौदा वर्षे एकाच गोष्टीमागे राहणे, लाटांच्या चित्रांतून घट्टपणाचे नकाशे काढणाऱ्या गणितज्ञांना सोबत धरून ठेवणे, आणि मधल्या काळात भरकटून न जाणे, हे मला पुरस्कारांपेक्षा मोठे वाटते. उत्तर अमेरिकेच्या रेडिओलॉजी संस्थेचे अध्यक्षपद आपण भूषवले, तेही मी वाचले. पण त्या मुलीच्या हातातली चकती मला अधिक आठवते. मेंदूतल्या गाठी शस्त्रक्रियेआधीच मऊ की कठीण ते पाहण्यासाठीही आता आपली पद्धत वापरून पाहिली जाते, हे वाचून तर अशी चकती किती अनोळखी माणसांच्या अंगावर ठेवली जात असेल, याचा विचार करीत मी बराच वेळ बसलो.

माझा आकडा 3.2 किलोपास्कल आला. निरोगी यकृत अडीचच्या आत असते, पाचच्या पुढे सिरोसिसची भीती. अहवाल लिहिणाऱ्याने, नुसती सूज असली तरी आकडा वाढतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवले होते. निदान चरबीच्या यकृताचे (फॅटी लिव्हरचे) झाले: दारू न पिणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या, भात आणि गोडावर प्रेम असलेल्या माणसाचे यकृत. बायोप्सी टळली. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तिला सगळे खरे सांगितले. ती म्हणाली, 'मग आता साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेव.' तो तिथेच आहे आणि वजन अकरा किलोने उतरले आहे.

पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. मी तीच जागा आणि तीच वेळ मागून घेतली. त्या मुलीचे नाव विचारायचे राहून गेले होते. ती त्या दिवशी कामावर असेल तर विचारीन, आणि आपले नाव तिला ठाऊक आहे का, तेही विचारीन.

कळावे,

आपला कृतज्ञ,
विस्कॉन्सिनमधील एक रुग्ण