श्रीपादच्या वाटेवरच्या माणसांनो, आभार

श्रीलंकेतलं श्रीपाद शिखर, उंची २,२४३ मीटर. रात्री दोनला पायथ्याच्या नल्लतन्नी गावाहून निघून सूर्योदयाला माथा गाठला. उतरताना मात्र त्या हजारो पायऱ्यांपुढे डावा गुडघा बोलायला लागला. पांढऱ्या साडीतल्या एका आजींनी काही न विचारता मला पायरीवर बसवलं, पिशवीतून बामाची डबी काढली आणि खरखरीत अंगठ्याने गुडघा चोळत राहिल्या. त्यांच्या नातवाने माझी सॅक उचलली, ती थेट पायथ्याशीच उतरवली. टपरीवाल्या दादांनी गुळाच्या खड्यासोबत कोरा चहा दिला, पैसे घेतलेच नाहीत. रिक्षावाल्या भाऊंमुळे हॅटनची गाडी मिळाली.

घाईत कुणाचंच नाव विचारायचं राहिलं. सिंहलीत आभाराला ‘स्तुती’ म्हणतात, किती जवळचा शब्द! आजी, तुम्हा सगळ्यांना बोहोम स्तुती.