सेट आहे, पण पलीकडे ऐकणारा हवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीबद्दल आलं होतं ते वाचलं, आणि त्यात शेवटी शेवटी हॅम रेडिओलापण (म्हणजे लायसन्स काढून हौसेने चालवायचा वायरलेस) त्याच लपूनछपूनच्या माळेत ओवून टाकलेलं बघून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण चिपळूणच्या पुराचं तेवढं ठेवा.

मी एस.टी. च्या डेपोत इलेक्ट्रिशियन होतो, आता रिटायर. सरकारचं रीतसर लायसन्स असलेला हॅम आहे, आधी खालची रिस्ट्रिक्टेड ग्रेड आणि नंतर मोर्स (छोट्या-लांब टोल्यांची लिपी) शिकून वरची जनरल ग्रेड. माझ्याकडे एक यासू कंपनीचा एफटी-८१७ एनडी हा रेडिओ सेट आहे, सेकंड हँड, पीएफच्या पैशातून घेतलेला, आणि हिला किंमत सांगताना मी थोडी कमी सांगितली होती ते ती हे वाचेल तेव्हा बघू. सेट म्हणजे केवढा, तर दोन जाड डायऱ्या एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढा, बॅटरी आणि अँटेना धरून सव्वा किलोच्या आत. फेकतो किती, तर ५ वॅट. हे मॉडेल साधारण २००० सालाच्या आसपास आलं, मग एनडी आलं, २०१८ ला एफटी-८१८ आलं ते ६ वॅटचं, आणि आता कंपनीने बनवणंच बंद केलंय, त्यामुळे ज्याच्याकडे आहे तो सहसा विकत नाही.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की ५ वॅटने काय होणार. अहो पूर्वी घरात रात्री लावायचा तो झिरोचा बल्ब असायचा ना, झिरो झिरो म्हणत तोसुद्धा बारा-पंधरा वॅट खायचा. त्याच्या निम्म्यापेक्षा कमी पॉवरवर मी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या पठारावर बसून इटलीतल्या माणसाशी मोर्समध्ये बोललोय आणि त्याने मला ५३९ रिपोर्ट दिला, म्हणजे सिग्नल बारीक पण अक्षर अन् अक्षर कळतंय. यात जादू काही नाही, हिशोब आहे. समोरच्याला १०० वॅटचा सेट एस-नाइन (एस म्हणजे सेटच्या मीटरवरचं सिग्नलच्या जोराचं माप) ऐकू येत असेल तर त्याच जागेवरून ५ वॅटचा साधारण एस-सेव्हन ऐकू येतो, वीसपट पॉवर कमी केली तरी त्याच्या मीटरवर काटा दोनच घरं खाली येतो. बाकी सगळं तार कशी बांधलीय आणि वेळ कोणती धरलीय याच्यावर. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर नागपूर, हुबळी, सुरत, हैदराबाद असं तीनशेपासून साडेसहाशे किलोमीटरपर्यंतचं आरामात होतं, दुपारनंतर १४ मेगाहर्ट्झवर गेलं की बाहेरचे देश सुरू होतात. आणि आवाजात नाही जमलं तर मोर्समध्ये जमतं, कारण मोर्सचा सिग्नल इतका अरुंद असतो की तेवढीच पॉवर लांब पोचते.

खरं सांगायचं तर हा छोटा सेट घ्यायचं कारण हौस कमी आणि वैताग जास्त. घरी बसून रेडिओ ऐकणं आता शक्य राहिलेलं नाही. आमच्या आळीत प्रत्येक घरात स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट टॉप बॉक्सचे अॅडॉप्टर, आता वर सोलरचे इन्व्हर्टर, आणि हे सगळे मिळून ७ मेगाहर्ट्झवर असा काही खरखराट करतात की काटा एस-एट च्या खाली येतच नाही, लाइट गेली की मात्र सगळं एकदम शांत आणि जग ऐकू यायला लागतं. मी एकटाच असेन आळीत जो लाइट गेली की खूश होतो. तर डोंगरावर गेलं की तीच शांतता रोज मिळते. यवतेश्वरला नाहीतर कासच्या रस्त्याला कुठेतरी आडबाजूला बसायचं (फुलांच्या सीझनमध्ये नाही हां, तेव्हा गर्दीच इतकी असते), बरोबर ६ एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी, १० मीटरचे वायरचे दोन तुकडे, सेटला जोडायची कोअॅक्स केबल, माशाच्या गळाची फायबरची काठी, सुतळी, आणि डबा. ७ मेगाहर्ट्झला दोन्ही बाजू मिळून २० मीटर तार लागते, मधला भाग काठीच्या टोकाला आणि दोन्ही टोकं खाली झुडपांना, झाला अँटेना. सेट नुसता ऐकायला अर्धा अँपिअरपेक्षा कमी घेतो आणि बोलताना दोनच्या आसपास, म्हणजे सकाळी गेलो तर जेवणापर्यंत बॅटरीची काळजी नाही. डेपोतल्या बॅटऱ्या उचलून उचलून पाठ गेलेल्या माणसाला ही खिशात मावणारी बॅटरी म्हणजे काय आहे ते मलाच माहीत.

सगळं गोडच आहे असं नाही. एफटी-८१७ चा डिस्प्ले एवढासा आहे की चष्मा विसरलो तर परत घरी. मेनू तर विचारूच नका, एक सेटिंग बदलायला इकडून तिकडून दहा बटणं. सेटच्या पोटात अँटेना ट्यूनर (तार सेटशी जुळवून देणारा) नाही, आणि अँटेना लावायला जागा दोन, एक पुढे एक मागे, कुठल्या बँडला कुठली हे मेनूत ठरवायचं, तर एकदा मी तार मागे लावली आणि मेनूत पुढची होती आणि अर्धा तास सीक्यू सीक्यू (म्हणजे कोणी आहे का) ओरडत बसलो, कोणीच उत्तर देईना, मला वाटलं आज बँड मेलाय. नशीब अँटेनाशिवाय बोलूनही आउटपुट ट्रान्झिस्टर उडाले नाहीत. एकदा एका म्हशीने तारेत शिंग घालून काठीसकट सगळं ओढत नेलं, गुराखी पोरगा हसत होता आणि मी मागे पळतोय. आणि ज्यांना नवीन सुरू करायचंय त्यांनी यासूच घ्यावा असं काही नाही, हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिट-एक्स नावाचा सेट डिझाइन केलाय, २०१६ ला त्याचा ४० मीटर बँडचा (म्हणजे तेच ७ मेगाहर्ट्झ) तयार बोर्ड आला, ७ वॅटच्या आसपास, डबा आणि वायरिंग आपण करायचं. जगभर लोकांनी तो बनवलाय. माझा पहिला तोच, स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवलेला, अजून चालू आहे.

आता कायद्याचं. तुमच्या बातमीत ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये १३ ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्याचं होतं, ते त्यांनी बरोबरच केलं, कारण त्या वेबसाइटवर सेट विकताना फ्रिक्वेन्सी कुठली, लायसन्स लागतं की नाही, काहीच लिहीत नव्हते आणि लोक खेळणं समजून घेत होते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी पॉवरचे वॉकीटॉकी २०१८ च्या नियमांप्रमाणे विनालायसन्स चालतात, त्याच्या बाहेरचे नाही चालत. पण हॅम हा वेगळा प्रकार आहे. त्याला केंद्र सरकारची परीक्षा आहे, रेडिओची थिअरी आणि नियम असे दोन भाग, जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स वरून, वय १२ पूर्ण पाहिजे. नावाचा कॉलसाइन (हवेतला ओळख नंबर) मिळतो आणि बोलताना तो सांगावाच लागतो, म्हणजे जो माणूस हवेत दर थोड्या वेळाने स्वतःचा नंबर सांगतोय त्याला तुम्ही लपूनछपून काहीतरी करणारा म्हणताय. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, अर्थ लपवणाऱ्या गुप्त भाषेत बोलायचं नाही, सगळं उघड. सेट विकायचा तरी घेणाऱ्याकडे लायसन्स पाहिजे.

हे सगळं एवढ्या तपशिलात सांगतोय कारण मागे एकदा नाकाबंदीत माझी बॅग उघडली. कुठे ते लिहीत नाही, पोरं आपलीच होती. बॅगेत काळा डबा, बॅटरी, वायरींची भेंडोळी, आता त्यांना काय वाटणार ते सांगायला नको, त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. लायसन्सची लॅमिनेट केलेली झेरॉक्स दाखवली, ती त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, मग साहेबांना फोन, साहेबांचा अजून कुणाला फोन, पाऊण तास गेला. शेवटी एक हवालदार म्हणाला काका हे पाकिस्तानला लागतं का. मला हसावं का घाबरावं कळेना. परीक्षा पास झाल्यावर लायसन्स हातात यायलाही मला वर्षाच्या वर लागलं होतं, चौकशी केली की "प्रोसेसमध्ये आहे", आणि मी चिकाटीचा म्हणून टिकलो, कॉलेजची पोरं एवढं थांबत नाहीत, ती मोबाइलमध्ये रमतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

आता चिपळूण. २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला, आणि घाटाच्या पलीकडे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझी धाकटी बहीण तिथे राहते, घर तळमजल्यावर. पहाटे तिचा फोन आला की पाणी पायरीला लागलंय, त्यानंतर फोन बंद. तिचा, मेव्हण्यांचा, शेजाऱ्यांचा, ज्यांचे ज्यांचे नंबर होते सगळे बंद. लाइट नाही, टॉवर नाही. दोन दिवस. मी टेबलावर सेट लावून बसलो होतो, सातारा ते चिपळूण सरळ रेषेत धरलं तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, मध्ये सह्याद्री. पोलिसांच्या किंवा आमच्या वॉकीटॉकीच्या व्हीएचएफला (सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींना) डोंगर आडवा येतो, मग उंचावर रिपीटर (सिग्नल पकडून पुढे फेकणारा सेट) लागतो आणि रिपीटरलाही वीज लागते. पण ७ मेगाहर्ट्झवर तार मुद्दाम बुटकी बांधली, दोन पुरुष उंच, तर सिग्नल सरळ वर जातो आणि आकाशातल्या थरावर आपटून वरून छत्रीसारखा आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर पडतो, मध्ये डोंगर असला काय नसला काय, रात्री तेच ३.५ मेगाहर्ट्झवर करायचं. म्हणजे हा ५ वॅटचा डबा नेमका याच कामाचा आहे. चालू होता, बॅटरी फुल होती, तार बांधलेली होती. नाशिकचा ऐकू येत होता, बेळगावचा ऐकू येत होता. चिपळुणातून बोलणारं, माझं ऐकणारं कोणीच नव्हतं.

बहीण सुखरूप निघाली, वरच्या मजल्यावरच्या लोकांकडे दोन दिवस बिस्किटं खाऊन होती. पण ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही, आणि तेव्हापासून मला माझ्या सेटच्या पॉवरची, अँटेनाची, कशाचीच काळजी वाटत नाही, काळजी वाटते ती पलीकडच्या माणसाची. निसर्ग वादळात जून २०२० ला श्रीवर्धन-दापोलीकडे असंच झालं होतं, कित्येक दिवस फोन नाहीत. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर आले कारण भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम त्याच महिन्यात तिथे हौसेसाठी स्टेशन लावून बसले होते. ठरवून नव्हते गेले, योगायोग. आपल्याकडे दरवेळी योगायोगावरच सोडायचं का?

बरं नियम आड येतो म्हणावं तर तसंही नाही. एरवी हॅमला तिसऱ्याचे निरोप पोचवता येत नाहीत पण नैसर्गिक आपत्तीत जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांच्या वतीने पोचवता येतात, ती सोय नियमात आधीपासून आहे. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात, जिथे बोटी किती, दोर किती, पट्टीचे पोहणारे कोण हे लिहिलेलं असतं, तिथे एक ओळ हॅमची घाला. तालुक्यात आहे का, असेल तर फोन नंबर, नसेल तर हायस्कूलचा एखादा सायन्सचा मास्तर, तहसीलमधला एखादा तरुण क्लार्क, यांना परीक्षेला बसवा, तयारी आम्ही फुकट करून घेऊ. महागडी उपकरणं नकोत, ती कपाटात पडून बॅटरी फुगून मरतात हे मी डेपोत बघितलंय. एक छोटा सेट, एक बॅटरी, वीस मीटर वायर आणि दर रविवारी सकाळी दहा मिनिटं एकमेकांना हाक मारायची सवय. सवय नसेल तर सेट असून उपयोग नाही, ऐन वेळी अँटेना पुढे लावलीय का मागे हेच आठवत नाही, माझ्यासारखं. आणि कृपा करून तुमच्या वार्ताहरांना सांगा की पुढच्या वेळी "हॅम" लिहिण्याआधी एखाद्या हॅमला फोन करा, पत्ता तुमच्याकडे आहेच.

बहिणीचा नातू आता तेरा वर्षांचा आहे. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवर शाळेतल्या मुलांशी बोलले ते त्याने मोबाइलवर बघितलं आणि मला फोन करून विचारलं, आजोबा तुमच्याकडचा तो डबा तसलाच आहे का. मे महिन्यात इकडे आला होता तेव्हा आठवडाभर डा-डिट डा-डिट करून हिचं डोकं उठवलं. आता त्याने परीक्षेचा फॉर्म भरलाय. बिट-एक्स वाला डबा त्याच्यासाठी पुसून ठेवलाय, लायसन्स येईपर्यंत नुसता ऐकायचा असं बजावलंय, आणि १० मीटरचे वायरचे दोन तुकडे मोजून, टोकांना लग वगैरे लावून पिशवीत घातलेत, चिपळूणला कोणी जाणारं भेटलं की पाठवायचे.

आपला,
एक जुना वाचक, सातारा