वडगावच्या बाईंना, आमच्या पोरांच्या सगळ्या वाढदिवसांबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही कामाला लावता. गेल्या मे महिन्यात आमच्या हिनं प्रयत्न केला, तर तुम्ही तिच्या हाताला खोबरेल चोळलंत आणि समोर अख्खा फणस ठेवलात. पुढचा तासभर तिला बोलायला उसंत नव्हती. म्हणून हे चार लोकांसमोर लिहून टाकतोय. इथं तुम्हाला मध्येच उठून चहा टाकता येणार नाही.

बाकीच्यांसाठी सांगतो. बाई म्हणजे आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीतल्या निवृत्त अंगणवाडी शिक्षिका. आमच्या भागात अजून पॉवरलूमचा खडखडाट ऐकू येतो. त्या आवाजात, घरी माग चालवणाऱ्या आयांची पोरं बाईंनी वर्षानुवर्षं सांभाळली. मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, आणि नुसतीच रडणारी. आज ज्यांना मिशा फुटल्यात तेही रस्त्यात बाई दिसल्या की सायकलवरून उतरतात. आम्ही इथं भाड्यानं राहायला आलो तेव्हा नवरा-बायको आणि पोटातलं बाळ, एवढंच घर होतं. मी उद्यमबागेत फाउंड्रीत, पाळी बदलती. हिचं माहेर चंदगड तालुक्यात. लांब नाही, पण मध्ये राज्याची हद्द.

आणि ही हद्द पोरांच्या सुट्ट्यांतूनही जाते, हे पोरं होईपर्यंत मला कळलं नव्हतं. माझा भाऊ गोव्यात, मेहुणी पुण्यात, आम्ही बेळगावात. गोव्यातल्या शाळांना चतुर्थीची सुट्टी मोठी. आमच्या कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची. पुण्याच्या पोरांना दिवाळीची. म्हणजे भावाची पोरं मोकळी असतात तेव्हा आमच्यांच्या पाठीवर दप्तर. आमची मोकळी होतात तेव्हा पुण्यात सहामाही परीक्षेचं वातावरण. पुण्याची येतात तेव्हा आमची दिवाळीचे दोन-चार दिवस संपवून परत वर्गात. उन्हाळ्यातही तेच. आमच्या शाळा एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास सुटतात आणि मे संपला की भरतात. महाराष्ट्रातल्या पोरांची सुट्टी उशिरा लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. तिन्ही राज्यांची पोरं एका वेळी मोकळी सापडतात ती फक्त मे महिन्यात.

सणांचंही काही वेगळं नाही. कॅलेंडरात कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. आमचा धाकटा मातीचे बैल दोनदा मागतो आणि दोन्ही वेळा त्याचं बरोबर असतं. रंगाचं तर एकाच शहरात दोन तऱ्हा. बेळगावात धूलिवंदनाला रंग, आणि आमच्या शहापूर-वडगावात रंगपंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, त्याची ही आठवण, असं जुनी माणसं सांगतात. पोरांना संस्थानाशी काय देणंघेणं? ती दोन्ही दिवशी भिजून येतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमची थोरली १ नोव्हेंबर २०१७ ला जन्मली. बेळगावच्या माणसाला या तारखेबद्दल जास्त सांगायला नको. १९५६ साली याच दिवशी राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. तेव्हापासून एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसाचा काळा दिन. चन्नम्मा चौकाच्या बाजूला मिरवणुका, डीजे, रस्ते बंद. आमच्या बाजूला दुकानांची शटरं खाली, निषेधाची सायकल फेरी, सगळीकडे पोलीस. मी स्वतः लग्नाआधी त्या फेरीत काळी पट्टी बांधून गेलोय आणि त्याबद्दल मला काही वेगळं म्हणायचं नाही. पण २०१८ साली त्याच दिवशी घरात एक वर्षाची पोर नवा फ्रॉक घालून बसली होती. केक आणायला बेकरी उघडी नव्हती. चंदगडहून येणारे आजी-आजोबा ‘उगाच अडकायला नको’ म्हणून आलेच नाहीत. शेजारचे या गडबडीत बाहेर.

तुम्ही संध्याकाळी आमच्या दारात आलात. ‘रडूलालीय कशाला ही?’ म्हणून आधी पोरीला उचललंत आणि मग आमच्या हिला विचारलंत, जन्माची तिथी कोणती. आम्हाला कुठली तिथी ठाऊक? तुम्ही घरी जाऊन जुनं कॅलेंडर घेऊन आलात. अंगणवाडीच्या नोंदींसाठी जपलेली जुनी कॅलेंडरं तुम्ही रद्दीला घातली नव्हती. १ नोव्हेंबर २०१७ च्या चौकटीत कार्तिक शुद्ध द्वादशी होती, आणि तुळशीविवाहारंभ.

‘अगे, ही तुळशीच्या लग्नात झाली की! तारीख सरकारची राहू दे. हिचं औक्षण तुळशीच्या लग्नाला करायचं.’

त्या वर्षी तुळशीचं लग्न २० नोव्हेंबरला आलं. तुमच्या अंगणातल्या वृंदावनाला गेरू, भोवती उसाची खोपटी, बोरं-चिंचा-आवळे, आणि लग्न लावायला अख्खी गल्ली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, फटाके वाजले. लग्न लागल्यावर तुम्ही पोरीला पाटावर बसवलंत आणि तुळशीच्या अक्षतांतल्याच चार तिच्या डोक्यावर टाकल्या. जमलेल्या कुणालाही वेगळं बोलवावं लागलं नाही. चुरमुरे-फुटाणे वाटले गेले, वर आम्ही कुंदा, आमची बेळगावची आटवलेल्या दुधाची मिठाई, ठेवला. माझा खर्च झाला तो कुंद्याचा. तेव्हापासून थोरलीचा वाढदिवस दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो आणि तिला त्याचं भारी कौतुक आहे. शाळेच्या दाखल्यावर १ नोव्हेंबर आहेच. पण मैत्रिणींना ती सांगते, ‘माझ्या वाढदिवसाला लग्न असतं.’

तुम्हाला हे फार मोठं वाटणार नाही. मला वाटतं. त्या दिवशी तुम्ही कुठल्याच बाजूचं भांडण काढलं नाहीत की कुणाला समजावायला बसला नाहीत. पोरीला तिचा दिवस मिळवून दिलात आणि उसाचा भाव करायला निघून गेलात.

धाकट्याचा जुलैत. पाऊस एवढा की कुणी येत नाही आणि चिखलामुळं कुणाला बोलवूही नये. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तुम्ही केलेली गरम मणगण्याची, म्हणजे हरभराडाळ-गुळाच्या खिरीची वाटी आणि तो, एवढ्यात त्याचं भागतं.

सगळ्यात मोठं ऋण मे महिन्याचं. २०१९ साली गोव्याची मंडळी चोर्ला घाटातून आणि पुण्याची रात्रीच्या गाडीनं आली, आणि आमच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात. तुम्ही परसाचं दार उघडलंत. फणसाखाली ताडपत्री अंथरली आणि जाहीर केलंत की वर्षभरात ज्यांचे ज्यांचे वाढदिवस एकमेकांना सापडले नाहीत, त्या सगळ्यांचा आज वाढदिवस. पोरं एका ओळीत पाटांवर, वयाप्रमाणं. एकच केक, आणि पहिली सुरी सगळ्यात लहानाच्या हातात. भेटवस्तू आणायची नाही, हा तुमचा नियम. प्रत्येक पोरानं काहीतरी करून दाखवायचं किंवा वाटायचं. पुण्याच्या मोठ्या भाच्यानं त्या वर्षी सगळ्यांना लिंबू सरबत वाढलं आणि मग स्वतःला उरलं नाही म्हणून रुसला.

त्या परसात मी एक गोष्ट पाहिली, ती बाहेर सांगितली तर तुम्ही रागवाल, पण सांगतो. ताम्हण, निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, सगळं तुम्ही मांडलंत आणि औक्षणाची वेळ आली तशा मागं दाराशी जाऊन उभ्या राहिलात. कुणी काही बोललं नव्हतं, बोलायची गरजच नसते. यजमान गेलेल्या बाईनं मागं राहायचं, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं. माझी आई उठली. तीही तुमच्यासारखीच. तिनं ताम्हण उचलून तुमच्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘गल्लीतल्या पोरांना भरवलंस, शी-शू काढलीस, ते चाललं. ओवाळलेलं कसं चालत नाही गे?’ दोघी मिळून ओवाळलंत. पलीकडच्या घरातून दोन दिवस कुजबूज झाली आणि थांबली. पुढं २०२२ साली शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मी पेपर घेऊन तुमच्याकडं आलो होतो. तुम्ही चष्मा लावून सगळं वाचलंत आणि म्हणालात, ‘चांगलं केलं. आपल्या परसात आधीच झालंय.’

अंगणवाडीची बाई तुमच्यातून काही जात नाही. पाच वर्षांखालच्या पोराच्या हातात अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही, लाडवातलाही कुटूनच. फुगा फुटला की आधी तुकडे वेचायचे, मग रडणाऱ्याकडं बघायचं, कारण तुकडा घशात गेला तर श्वास कोंडतो. हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. आजकाल हॉलमध्ये फुग्यांच्या कमानी आणि हजारोंची पॅकेजं बघतो तेव्हा पहिला विचार हाच येतो की हे सगळे तुकडे कोण वेचणार. (दुसरा विचार पैशाचा येतो, तो लपवत नाही.) मग औक्षण झालं की टेप घेऊन उंची मोजायची, परसाच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ आणि तारीख. गोव्याचा पुतण्या दरवर्षी टाचा उचलतो आणि दरवर्षी तुम्ही त्याच्या पायावर हलकी चापट मारता. घर रंगवायला काढलंत तेव्हा पेंटरला ती चौकट सोडायला लावलीत. तो म्हणाला, ‘बाई, डाग दिसतंय.’ तुम्ही त्याला त्याच्या पोराला घेऊन यायला सांगितलंत. आता त्याचीही रेघ आहे.

२०२० आणि २१ चे कोरोनातले मे आठवायचे नाहीत. हद्दीपलीकडचं चंदगड तालुक्यातलं शिनोळी सायकलवर जाण्याच्या अंतरावर, आणि पोरांना आजी दिसत नव्हती. हायवेवर, हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी. तुम्ही त्या वर्षी कुंदा केलात आणि तो आम्हीच खाल्ला.

शिवजयंतीचंही तुमच्याच खात्यावर. पुण्याच्या भाच्यांना वाटायचं शिवजयंती १९ फेब्रुवारीला होऊन गेली. इथली वैशाख शुद्ध द्वितीयेची, आणि मग चित्ररथांची मिरवणूक, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. नरगुंदकर भावे चौकातून सुरू झालेले रथ सकाळपर्यंत चालतात, हे सांगूनही त्यांना पटेना. ज्या वर्षी जुळलं, त्या वर्षी आपल्या भागातल्या मंडळाच्या देखाव्यात तुम्ही त्या दोघांना मावळे करून उभं केलंत. मुंडाशी तुमच्या जुन्या शहापुरी लुगड्याची. मध्यरात्र उलटल्यावर धाकटा मावळा भाला धरून उभ्या उभ्या झोपला, तर ट्रॉलीच्या मागं बसून तुम्ही त्याची कंबर धरून ठेवलीत, खालच्या लोकांना दिसू न देता. पुण्यात त्यानं वर्गात हे सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही म्हणे. फोटो आहे, तुमचा हात तेवढा दिसतो.

दिवाळीचा किल्लाही तसाच. पुण्याची पोरं मोकळी असल्यानं सकाळीच माती कालवायला निघायची. तुम्ही त्यांना थांबवायचात. माती चाळा, दगड आणा, मोहरी भिजत घाला, पण बुरूज लावायचा तो इथली पोरं शाळेतून आल्यावरच. तोपर्यंत पाहुण्यांनी मुकाट्यानं पाणी आणायचं. त्यामुळं तो किल्ला ‘पुण्याच्यांनी केलेला’ कधी झाला नाही.

तर बाई, आभार. घराचे, परसाचे, ताम्हणाचे, आणि त्या जुन्या कॅलेंडराचे.

आता कामाचं. या मेमध्ये तिन्हीकडची मंडळी पुन्हा जमतायत आणि तुमच्या गुडघ्याचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुमच्या लेकीनं मला फोनवर सांगितलंय, तेव्हा लपवू नका. फणस भाऊ फोडेल. कुंद्याचं दूध आटवायला मी उभा राहतो, खाली लागू देत नाही. भांडी पुण्याच्या मेहुण्यांकडं. खुर्ची फणसाखाली आणून ठेवतो, तिथून तुम्ही उठायचं नाही. पोरांवर ओरडायचं तेवढं तुम्हीच करा, आमचं ती ऐकत नाहीत.

तुमचा,
गल्लीतल्या दोन पोरांचा बाप