तुरीतली अंबाडी आणि बातमीतला गांजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'तुरीच्या आड गांजाची शेती' ही आपल्या अंकातली बातमी वाचली. बातमीबद्दल तक्रार नाही, तक्रार फोटोची आहे. त्यातलं झाड अंबाडीचं आहे. पिवळसर फूल, मधोमध गडद लाल डाग. गांजाला असं फूल येतच नाही.

हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या परभणीकडे तुरीच्या कडेनं अंबाडीच्या दोन ओळी टाकायची जुनी रीत आहे. माझी आई आजही टाकते. कोवळ्या पाल्याची कण्या घालून भाजी, आणि झाड निबर झालं की पाण्यात कुजवून त्याच्या वाखाची दावी. पान लांबून गांजासारखं दिसतं, हे खरं. अंबाडीच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' आलंय ते त्यामुळेच. जवळून बघावं. अंबाडीचं पान देठाशी एकसंध असतं, त्यालाच बोटांसारखे फाटे फुटतात. गांजाची पाती देठापासूनच सुटी असतात. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात आणि पान चावलं की आंबट लागतं. फोटो छापून आला आणि गल्लीतली पोरं आईला विचारायला लागली, "काकू, धुऱ्यावर काय लावलंय?" तिनं एक ओळ उपटूनच टाकली. म्हणाली, "कोन कवा फोटू काढील, सांगता येतं का?"

तिची भीती अगदीच खुळी नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची लागवड केल्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्यातही कलम ५४ बघा. कसलेल्या रानात हे झाड सापडलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते कसणाऱ्याचंच धरता येतं. आणि मालकाला आपल्या रानातली अशी लागवड माहीत असून त्यानं कळवलं नाही, तर कलम ४६ खाली तोही शिक्षेला पात्र. आमच्याकडे मालक पुण्यात, रान बटईनं दुसऱ्याकडे, हे घरोघरी आहे. धुऱ्यावर वर्षातून एकदा येणाऱ्या किती मालकांना हे ठाऊक असेल?

वर मोबाईलवर 'गांजाशेती आता कायदेशीर' असे व्हिडिओ फिरतात. उत्तराखंडात परवाना मिळतो तो नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसलेल्या भांगेच्या वाणाला, धागा आणि बियांसाठी. केंद्राच्या कायद्यातलं कलम १४ त्याला वाट देतं, पण सरकारनं परवानगी दिली तरच. तिथला परवाना इथल्या सातबाऱ्याला चालत नाही. व्हिडिओवाले नेमकं हेच गाळतात, आणि आपल्या बातमीतही ते नव्हतं.

कृषी विद्यापीठाच्या खरीप मेळाव्यात दोन्ही पानांचे फोटो शेजारी शेजारी लावले, तर बरंच काम होईल. आपण तूर्त फोटोची दुरुस्ती छापावी, आतल्या पानावर का होईना. आईला दाखवायची आहे.

आपला,
एक वाचक, ता. सेलू, जि. परभणी