बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला या

मा. संपादक,

वारंवार होणाऱ्या गर्भपातांत प्रतिकारशक्तीचा वाटा काय, यावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दोन-तीनदा गर्भ पडलेल्या बायका चिठ्ठी घेऊन आमच्याकडेच येतात, म्हणून हे पत्र.

लेखात एका ओळीत उरकलेला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हाच खरं तर मुख्य मुद्दा आहे. यात शरीराने स्वतःविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी वारेची वाढ बिघडवतात, रक्तात गुठळ्याही करतात. प्रतिकारशक्तीशी निगडित कारणांपैकी हे पक्कं ठाऊक असलेलं आणि उपचार असलेलं कारण. त्यासाठी तीन तपासण्या लागतात: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. यातली पहिली फार नाजूक. निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, नाहीतर त्यातल्या सायट्रेटचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याचं, प्रमाण चुकतं. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) दोनदा सेंट्रिफ्यूज करावा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवावा लागतो, कारण त्यात प्लेटलेट राहिल्या तर दोष झाकला जातो. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असेल तर तेही आम्हाला आधी कळायला हवं.

एवढं करून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तरी निदान होत नाही. साध्या संसर्गानंतरही या अँटिबॉडी काही काळ दिसतात. म्हणून किमान बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं असतं. पण कितीतरी जणी परत येतच नाहीत. कुणाला ते नीट सांगितलेलं नसतं, कुणी पहिल्याच रिपोर्टने खचून जाते. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण पुढे करण्यासारखं खूप असतं. लंडनमध्ये अशा ९० स्त्रियांवर झालेली चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के गर्भारपणं बाळंतपणापर्यंत पोचली, सोबत हेपरिन दिल्यावर ७१ टक्के.

उलट काही चिठ्ठ्यांवर रक्तातल्या ‘एनके’ (नॅचरल किलर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या) पेशींची महागडी तपासणी लिहिलेली असते. गर्भाशयातल्या एनके पेशी रक्तातल्यांपेक्षा वेगळ्या असतात. गर्भाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या रुंद व्हायला त्या मदत करतात. दंडातून काढलेल्या रक्तावरून त्यांचा अंदाज येत नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचारही असाच. अमेरिका आणि कॅनडातल्या १९९९ च्या चाचणीत तो घेतलेल्यांपैकी ३६ टक्के जणींना यश आलं, न घेतलेल्यांपैकी ४८ टक्के जणींना. तरीही लेखात तो ‘आशादायी’ म्हणून आला आहे. आधीच होरपळलेल्या जोडप्यांना या वाटेला लावणं मला चुकीचं वाटतं.

सुई टोचताना बायका हमखास विचारतात, “माझंच रक्त वाईट आहे का हो?” नाही, बाई. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो, आणि तो बहुतेक वेळा योगायोगाने झालेला असतो. ज्यांच्या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह येतात, त्यांनी प्रतिकारशक्ती ‘दाबणारी’ औषधं मागू नयेत.

पुढच्या पुरवणीत या तीन तपासण्यांची नावं आणि ‘बारा आठवड्यांनी पुन्हा’ हे शब्द ठळक चौकटीत छापावेत, ही विनंती.

आपली,
एक लॅब टेक्निशियन