पारोस बेट : मुक्कामाच्या खाडीबाबत सूचना

ऑगस्टमध्ये ग्रीसच्या पारोस बेटाला बोट घेऊन येणाऱ्या सर्व सदस्यांनी कृपया वाचावे.

या दिवसांत एजियन समुद्रात मेल्टेमी हा उत्तरेचा वारा असतो. आपल्याकडे वारा चढला की ढगही दाटतात. मेल्टेमी मात्र लख्ख निळ्या आकाशाखाली ७ बोफर्टपर्यंत (बोफर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचे माप; ७ म्हणजे २८ ते ३३ नॉट, ताशी सागरी मैल) सहज जातो. तेव्हा आकाश बघून खाडी ठरवू नका, ग्रीक हवामान खात्याचा अंदाज बघा.

नाउसाचा उपसागर नकाशावर उत्तरेला उघडा दिसतो, म्हणून कोणी तो आधीच रद्द करू नये. त्याच्या पश्चिम बाजूच्या आयिओस यिआनिस या खाडीला उत्तरेच्या भूशिराचा चांगला आडोसा आहे. आमची पहिली पसंती तीच. जागा लवकर भरते, दुपारीच पोहोचा. पारिकियाचा उपसागर वायव्येला उघडा आहे. तिथे वारा त्या बाजूला वळला तर रात्रभर डोलत राहाल.

पाण्यात फिकट रंगाचा पट्टा म्हणजे वाळू, नांगर तिथेच टाका. गडद डाग म्हणजे पोसिडोनिया हे सागरी गवत. त्यात नांगर नीट रुतत नाही, शिवाय ते संरक्षित आहे. ५ मीटर खोलीला किमान २५ मीटर साखळी, जोराचा वारा असेल तर ३५ सोडा. मग इंजिन रिव्हर्समध्ये टाकून काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. त्या सरकल्या तर नांगर फरफटतोय, उचलून पुन्हा टाका.

अंदाज दक्षिणेच्या वाऱ्याचा आला तर जागा बदलावी लागेल, ते आदल्या संध्याकाळी कळवू. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ चालू ठेवा.